न धुतलेलं फडकं

९ मे, दुपार

आई,

नमस्कार. नमनाला घडाभर तेल घालत नाही, कारण पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. तरी वाचा. डोळ्यांवरचा चष्मा मीच करून दिलाय, निदान त्याला तरी जागा.

फोन करून थकले. दर वेळी वन्संच उचलतात आणि म्हणतात, "अगं, आई आंघोळीला गेलीय." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळीही आंघोळच. लेकीकडे जाऊन मासोळी झालात की काय? तुमच्या चिरंजीवांना म्हटलं, तुम्ही लावून बघा. तर म्हणाले, "तुम्हा दोघींच्या मधे मी पडत नाही." दिवसभर लोकांच्या इमारतींत अडकलेल्या लिफ्ट सोडवतात, पण घरात काही अडकलं की यांची हत्यारं सापडत नाहीत.

घर आहे तसंच आहे. तुमच्या खिडकीतलं पाखरांचं पाणी मी रोज भरते. पाखरं येतात, माझ्याकडे मान वाकडी करून बघतात, आणि ही कोण, अशा नजरेनं उडून जातात. स्वयंपाकघरात डबे हवे तसे ठेवायला मी मोकळी आहे. तरी सगळे तुमच्याच जागेवर ठेवते. सवय, दुसरं काय.

क्लास रोज दुपारी असतो. चष्म्याच्या दुकानातून दुपारची सुट्टी झाली की मी धावत घरी येते, लहान खोलीत पडदे ओढते आणि कॉम्प्युटरसमोर बसते. बाहेर ऊन इतकं, की पडद्यातूनसुद्धा खोली मधासारखी पिवळी दिसते. कॉम्प्युटरवर शिकवणाऱ्या बाईंचा आवाज आणि छोट्या छोट्या चौकटी. बहुतेकांचे कॅमेरे असे लावलेले, की माणसापेक्षा त्याचं छतच जास्त दिसतं. एक बस ड्रायव्हर उभ्या बसमध्ये बसून शिकतो, त्याच्यामागे रिकाम्या सीटांची रांग. एक मुलगी सतत उशीवर डोकं टेकून ऐकते, तिला आम्ही 'उशी' म्हणतो. मी सगळ्यांत मोठी, म्हणून मला 'ताई' म्हणतात. वर्षभराचा विषय उन्हाळ्यात कोंबून शिकवतात, त्यामुळे सगळेच अर्धवट झोपेत असल्यासारखे.

हा एक विषय सुटला की माझी पदवी पुरी होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एवढ्या वर्षांचं भिजत घोंगडं. शेवटी प्रात्यक्षिक असतं. विद्यापीठानं प्रत्येकाला टपालानं एक जीव पाठवला होता. तो वाढवायचा, त्यानं काय काय केलं ते टिपायचं, आणि परीक्षेच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर ठेवून बाईंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. जीव नाही तर परीक्षा नाही. बाईंकडची पाकिटं संपली आहेत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही लहान खोलीतलं कपाट उघडलंत, काचेच्या डबीत पिवळं काहीतरी पसरलेलं दिसलं, आणि तुमच्या हातात फडकं होतं. तुमच्या हातात फडकं आणि समोर डाग, म्हटल्यावर काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. मी घरी आले तेव्हा डबी उकळत्या पाण्यात होती.

मी ओरडले. काय ओरडले ते तुम्हालाही आठवतंय आणि मलाही, म्हणून इथे लिहीत नाही. पण तुम्ही उलट एक शब्द बोलला असतात तर भांडण तरी झालं असतं. तुम्ही फडकं हातात धरून नुसत्या उभ्या राहिलात आणि मग बॅग भरलीत. भांडायचं सोडून निघून जाणं ही कुठली रीत?

रागावला असाल तर तसं कळवा. म्हणजे मलाही नीट रागावता येईल.

तुमची सून


१४ मे, दुपार

आई,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही जित्याची खोड आहे.

या वेळी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, कामासाठीच लिहिते आहे. पण आधी परवाचा क्लास सांगू द्या, नाहीतर काम कळायचं नाही.

परवा मी क्लासमध्ये झोपले. पंखा फिरत होता, बाई बोलत होत्या, आणि ते बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटायला लागलं. स्वप्नात मी आपल्याच घरात फिरत होते. भिंतींवरून पिवळ्या रेघा वाहत होत्या, पानावरच्या शिरांसारख्या. मी हात लावला तर कोमट. रेघ पुढे जायची, थांबायची, मागे यायची. सगळं घर असं हळू श्वास घेत होतं आणि मला त्याची अजिबात भीती वाटत नव्हती. जाग आली तेव्हा बाई म्हणत होत्या, "तो मरत नाही. तो झोपतो."

तो म्हणजे आमचा जीव. त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. झाड नव्हे, प्राणी नव्हे. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत, तरी अंधारात ओटचे दाणे ठेवले की शोधत जातो. मी दुकानातून आणलेल्या भिंगाखाली बघत बसायचे. आतला रस पुढे वाहायचा, थांबायचा, मागे वळायचा. स्वप्नात दिसलं ते हेच. बघता बघता माझा श्वासही त्याच्याच चालीनं चालायला लागायचा. तुम्ही एकदा दारात येऊन म्हणाला होतात, "अगं, त्या डबीत काय एवढं तोंड खुपसून बसतेस?" तेव्हा मी तुम्हाला बोलावून दाखवलं असतं तर आज पत्रांवर तिकिटं लावावी लागली नसती.

तर बाई सांगत होत्या, पाणी हळूहळू आटत गेलं की हा जीव वाळून कडक खपली होतो आणि पडून राहतो. कागदावर, लाकडावर, कशावरही. कितीतरी काळ. आणि पाणी शिंपडलं की उठतो. उशीवाल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, कापडावर?" बाई म्हणाल्या, "चालेल की. त्याला काय."

आई, मी ताडकन उठून बसले.

तुम्ही डबी आधी फडक्यानं पुसून घेतलीत, मग उकळत्या पाण्यात टाकलीत. फडकं धुवायला निघाला होतात, इतक्यात मी आले. म्हणजे ते फडकं धुतलं गेलं नाही. आणि घरात ते नाही. ओट्यावर नाही, दोरीवर नाही, मोरीत नाही. सगळं पालथं घातलं. मग लक्षात आलं, दुसऱ्याच्या घरचं फडकं तुम्हाला कधी चाललंय का? सख्ख्या लेकीच्या घरीसुद्धा तुम्ही आपलं फडकं घेऊन जाता.

म्हणजे काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बसले. बॅगेत बघा. बाजूच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत असेल. बघा आणि कळवा. रागावलेल्या असलात तरी बघा. नंतर परत रागवा.

तुमची सून


१८ मे

आई,

तुमची चिठ्ठी मिळाली. एवढ्या लांबून आलेल्या पाकिटात एवढीच ओळ: "फडकं सापडलं. पिवळं काही नाही, तपकिरी खपली आहे. धुऊ का?"

धुऊ का! पाकीट फोडलं तशी पायात चपलाही न घालता जिन्यात गेले, तिथे रेंज चांगली मिळते, आणि वन्संना फोन लावून ओरडले, "वन्सं, आईंच्या हातातलं फडकं काढून घ्या!" त्यांना वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. पण काढून घेतलं, आणि मग जिन्यातच बसून आम्ही खूप वेळ बोललो. आंघोळीचं सगळं खरं काय ते त्यांनी सांगितलं.

तुम्ही रागावलेल्या नाही आहात.

वन्सं म्हणाल्या, "तिला राग कसला येतोय. ती नुसती खिडकीत बसते. आल्या दिवशी मला विचारलं, ते खरंच जिवंत होतं का गं? मी म्हटलं, असेल, काय कल्पना. तर म्हणाली, तिच्या हातातलं मीच काढून घेतलं. दोन्ही वेळा मीच."

मुंगी वाट चुकून ओट्यावर आली तर तिला कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारी बाई तुम्ही. तुमचे चिरंजीव त्या दिवशी तुम्हाला सहज बोलून गेले होते, "आई, ते जिवंत होतं गं." तेवढ्यानंच तुम्ही अर्ध्या झाला असाल. उरलेलं काम माझ्या एका शब्दानं केलं. पहिल्या पत्रात तो लिहायचं टाळलं होतं, आता लिहिते. मी म्हणाले होते, "तुम्ही पुन्हा माझं सगळं पुसून टाकलंत."

'पुन्हा' कशाबद्दल, ते आपण दोघींनीही आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आले, तेव्हा लहान खोली लख्ख धुतलेली होती. कपाट रिकामं. मी निळ्या दोऱ्यानं कडा शिवलेली दुपटी, टोपडी, ती लाकडी खुळखुळ्याची जोडी, काही काही नव्हतं. फिनेलचा वास तेवढा होता. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. नंतर तुमच्या चिरंजीवांनी तिथे टेबल आणून ठेवलं आणि ती माझ्या अभ्यासाची खोली झाली. तुम्ही ते माझ्यावरच्या मायेपोटी केलंत हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला ती खोली भरलेलीच हवी होती, आई. एकदा तरी त्या सगळ्याला हात लावून रडायचं होतं. कुणाला दिलंत तेही मी विचारलं नाही. एखाद्या बाळाच्या अंगावर असतील, असं मनाशी म्हणत राहिले.

बाईंनी आज एक गंमत सांगितली. हा जीव जिथून जातो तिथे चिकट रेघ सोडतो, आणि ती रेघ लागली की त्या जागी परत जायचं टाळतो. डोकं नसून आठवण ठेवतो. तो बस ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मग वाट चुकला तर?" बाई म्हणाल्या, "दुसरी वाटच उरली नाही, तर आपल्याच रेघेवरून जातो." आपणही त्या खोलीच्या कडेकडेनं चाललो, इतकी वर्षं.

असो. आता काम. फडक्याचा खपली असलेला तुकडा कापा. एका उथळ डबीत ओला कागद अंथरा, त्यावर तो ठेवा, वर पाणी शिंपडा. शेजारी ओटचे दोन दाणे. डबी अंधाऱ्या कपाटात ठेवा. आणि तुम्हाला हात जोडते, काही झालं तरी पुसू नका.

तुमची सून


२५ मे, दुपार

आई,

उठला!

वन्संनी व्हिडिओ पाठवला तेव्हा मी दुकानात एका आजोबांना डोळे तपासायला बसवून पुढे अक्षरांचा तक्ता लावत होते. फोन बघितला आणि तक्ता उलटा लावला. आजोबा म्हणाले, "बाई, आता तर मला एकही अक्षर येत नाही." मी हसत सुटले आणि हसता हसता रडले. त्यांनी बिचाऱ्यांनी आपलाच रुमाल काढून दिला.

व्हिडिओत तुमचा आवाज आहे. "लबाडा, मेल्याचं सोंग घेऊन बसला होतास होय?" आता त्याचं नाव लबाडच. क्लासमध्ये सांगितलं, बाईही लबाडच म्हणायला लागल्या. वन्सं तक्रार करतात, की तुम्ही त्यांना कपाट उघडू देत नाही, मोठ्यानं बोलू देत नाही, आणि ओटचे दाणे डाळीसारखे निवडून त्याला घालता. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "मला कधी एवढं निवडून घातलं नव्हतं हिनं."

मला वाटलं होतं तुम्ही सगळा डबा पाठवून द्याल. पण वन्सं म्हणाल्या, तुमचा जीव त्यात गुंतलाय. मग असं करा, अर्धा पाठवा. कागदासकट कात्रीनं कापा आणि वन्संचे यजमान इकडे कामाला येतात त्यांच्या हाती द्या. वाटेत वाळला तरी हरकत नाही, मी उठवीन.

काल तुम्ही पहिल्यांदा स्वतः फोन उचललात. "कापू कशी गं? जिवंत आहे ना?" एवढंच विचारलंत आणि फोन वन्संकडे दिलात. म्हणून इथे लिहिते. त्याला कापलं की दोन तुकडे होत नाहीत, आई, दोन अख्खे होतात. दोन्ही खातात, चालतात, वाढतात. आणि कधी शेजारी आले की एकमेकांत मिसळून एक होतात. कुठला कुणाचा ते मग बाईंनाही सांगता येत नाही. तेव्हा बिनधास्त कात्री चालवा.

परीक्षा पाच जूनला आहे. मला अजून दुपारी तीच स्वप्नं पडतात. फक्त आता भिंतींवरच्या त्या रेघा दारापर्यंत येतात आणि कुणाची तरी वाट बघत थांबतात.

तुमची सून


३ जून

आई,

पार्सल मिळालं.

वन्संच्या यजमानांनी दारातच हातात दिलं आणि पाणीही न पिता गेले. वरचा पुठ्ठा काढला, आत डबी, आणि डबीभोवती धक्का लागू नये म्हणून गुंडाळलेलं एक मऊ कापड. मी ते सोडवून बाजूला टाकणार होते. बोटांना कडेची शिवण लागली.

निळा दोरा. एका कोपऱ्यात माझा टाका चुकलाय, तिथे गाठ आहे. ती गाठ मारताना तुम्ही शेजारी बसला होतात आणि म्हणाला होतात, "राहू दे, बाळ काही मोजायला बसणार नाही."

म्हणजे तुम्ही ती दुपटी दिली नव्हतीत. कुणालाच नाही. वन्संना फोन लावला तेव्हा कळलं, सगळं त्यांच्याकडच्या ट्रंकेत ठेवून दिलंत आणि एवढी वर्षं एकट्याच सांभाळत बसलात. मला वाटत होतं मी एकटीनं सोसतेय.

मी दुपटं तोंडावर घेऊन लहान खोलीत जमिनीवर बसले. खूप रडले, आई. मनसोक्त. तुमचे चिरंजीव आले, त्यांनी बघितलं, ओळखलं, शेजारी बसले. मग त्यांचंही तेच. पडद्यामागे ऊन कलत गेलं आणि आम्ही दोघं तिथेच भिंतीला टेकून झोपून गेलो, मधे ते दुपटं. स्वप्न काहीच पडलं नाही. इतकी गाढ झोप मला त्या खोलीत कधी लागली नव्हती.

लबाड वाटेत वाळला नाही. डबी उघडली तर कागदाच्या कडेवर चढून बसला होता, बाहेर यायच्या तयारीत. अगदी तुमच्या माणसांसारखा आगाऊ.

तुमची सून


५ जून, संध्याकाळ

आई,

वन्संच्या फोनवरून तुम्ही परीक्षेत बसलात हे बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी विचारलं, "ही नवीन चौकट कुणाची? नुसतं छत दिसतंय." मी म्हटलं, "माझ्या सासूबाई आहेत. लबाडाचा दुसरा अर्धा त्यांच्याकडे असतो." मग तुम्ही फोन खाली केलात आणि सगळ्या क्लासला तुमचं नाक दिसलं, आणि मग डबी. बस ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या. उशी चक्क उठून बसली.

मी डबी कॅमेऱ्यासमोर धरली. लबाडानं मी ठेवलेले चारही दाणे रेघांनी जोडले होते आणि मधल्या नको त्या फांद्या सोडून दिल्या होत्या. बाईंनी विचारलं, "या कोपऱ्यात त्याची जुनी रेघ दिसते आहे. तरी त्याच रेघेवरून तो परत गेलेला दिसतो. का?"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. तेवढ्यात तुमच्या चौकटीतून आवाज आला, "जायचं होतं त्याला, म्हणून गेला." सगळे हसले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, परीक्षा तुमची नाहीये." मग मी माझं उत्तर दिलं: बाकी सगळ्या वाटा शोधून झाल्या होत्या आणि खाणं त्या रेघेपलीकडेच होतं. बाईंनी मान हलवली. विषय सुटला, आई. बाई तिथेच म्हणाल्या.

चिरंजीव रविवारी सकाळी तुम्हाला आणायला निघतील. आंघोळीला गेलीय, असं सांगू नका. तुमचा लबाड घेऊन या, आपण दोन्ही डब्या एकमेकींना लावून ठेवू आणि मिसळताना बघत बसू. भिंग आणून ठेवलंय, दोघींना पुरेल.

लहान खोलीतलं कपाट मी आज रिकामं केलंय. खालच्या फळीवर लबाड राहील. वरची फळी मोकळी आहे. ट्रंकेतलं बाकीचंही घेऊन या, टोपडी, खुळखुळे, सगळं. या वेळी ते आपण दोघी मिळून ठेवू.

आणि ते फडकं आता धुतलंत तरी चालेल.

तुमची सून